घाण कुणाची, माल कुणाचा

कारखान्याचा भोंगा झाला की थोरलीच्या गाई पान्हा सोडायच्या. वासरू नको, चुचकारणं नको, पाठीवरून हात फिरवणं नको. भोंगा ऐकला की चौघी दावी ताणून उभ्या राहायच्या आणि कासेतून थेंब गळायला लागायचे. थोरलीची सासू, म्हणजे म्हातारी, म्हणायची, "माझ्या लेकाने दिवसभर हाका मारल्या तरी या ढुंकून बघत नाहीत. आणि त्या पत्र्याच्या रेड्याने एकदा हंबरावं, की लागल्या पाझरायला!"

गाईंचंही बरोबरच होतं. भोंगा झाला म्हणजे भट्टी रिकामी झाली. कारखान्यात धान्य आंबवायचे आणि त्यातून गाड्यांत घालायचं इंधन काढायचे. इंधन निघून गेलं की मागे उरायचं ते गरम, तपकिरी, आंबूस वासाचं दाट पाणी. भिंतीतून मांडीएवढा जाड नळ बाहेर काढला होता आणि त्याच्या तोंडाखाली दगडी डोण होती. भिंत कारखान्याची, डोण थोरलीची. भोंगा झाला की नळ खळखळायचा, डोण भरायची आणि गाई डोळे मिटून ढोसायच्या. तांबडी सगळ्यात आधी. ती पोटभर प्याल्याशिवाय बाकीच्या तिघींची काय बिशाद डोणीत तोंड घालायची. घरात म्हातारीचा जो मान, तो गोठ्यात तांबडीचा.

कारखान्यातले लोक त्या पाण्याला घाण म्हणायचे. थोरली आंबोण म्हणायची. ज्याचं त्याचं तोंड.

पहिल्या वर्षी कारखान्याने ती घाण ओढ्यात सोडली होती. मासे उताणे झाले, लोक काठ्या घेऊन फाटकावर गेले. तेव्हा त्यांचा मोठा साहेब स्वतः चालत या घरी आला, बाजेवर बसला, आणि म्हातारीला म्हणाला, "आजी, तुमच्या गाई पितील का हो ही घाण? फार उपकार होतील." उपकार हा शब्द त्याचा. म्हातारीने तो जपून ठेवला होता. त्या दिवसापासून गाव या घराला घाणवाले म्हणायला लागलं. लोक नाक धरून यायचे आणि भांडं भरून दूध घेऊन जायचे. नाक धरलं तरी तोंड उघडंच असतं ना.

मग भिंतीच्या वर एक नवी टाकी आली. उंच, चकचकीत, शेजाऱ्याच्या घरात डोकावणाऱ्या माणसासारखी. आणि एके दिवशी भोंगा झाला, सोडलेल्या गाई धावल्या, तांबडीने डोणीत तोंड घातलं, तर डोण कोरडी. नळाच्या ओठावर एक थेंब लोंबत होता, तोही पडेना. तांबडीने नळ चाटला. मग नळाभोवतीची भिंत चाटली. बाकीच्या तिघी मागे उभ्या राहून ओरडायला लागल्या.

थोरली तशीच शेणाच्या हातांनी फाटकावर गेली. फाटकावर पहारेकरी म्हणून होता तिचा सख्खा दीर, धाकटा. कारखान्याने दिलेला गणवेश त्याला दोन माणसांचा व्हायचा.

"भावजी, नळाला काय झालं?"

"बंद केला, वहिनी."

"कधीपर्यंत?"

धाकट्याने टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. "ती घाण आता घाण नाही राहिली. माल झाला. आम्हाला तसंच बोलायला सांगितलंय. त्या टाकीत जंतू सोडतात. जंतू ते पाणी खातात आणि आम्ल तयार करतात. मग त्या आम्लाचं प्लॅस्टिक होतं, औषधात जातं, रंगात जातं. मोठं काम आहे म्हणे."

"म्हणजे माझ्या गाईंच्या तोंडचं काढून किड्यांना घातलं."

"किडे नव्हेत, जंतू. ते दिसत नाहीत."

"न दिसणाऱ्यांचीच पोटं मोठी असतात, भावजी."

"माझ्यावर का चिडता? मी फाटक उघडतो नि लावतो."

"तेच म्हणते मी. रोज माझ्या घरचं दूध पिऊन येता, आणि फाटक माझ्याच तोंडावर लावता."

 फाटकाच्या आत, टाकीकडे जाणाऱ्या पाइपाचा एक सांधा गळत होता आणि त्याखाली डबकं साचलं होतं. धाकटा तिकडे पाठ करून उभा राहिला आणि लांब बघत म्हणाला, "बादली आणलीय का?"

तेवढ्यावर काही दिवस निघाले. बादलीभर आंबोण चार गाईंना म्हणजे हत्तीच्या तोंडात शेंगदाणा. पण कोरडा चारा त्यात कालवला तर निदान तोंड तरी लावायच्या. नुसता कोरडा चारा समोर टाकला की तांबडी त्यावर जोरात फुंकर मारायची आणि थोरलीकडे बघायची. लग्नाला बोलावून शिळं वाढलं तर पाहुणा बघतो ना, तसं. दूध आटत चाललं. बरगड्या मोजता येतील अशा वर आल्या.

एके दिवशी सांध्याखालून बादली उचलली आणि समोर टाकीसाहेब उभा. खरं नाव असेल काही, पण टाकीचा कारभार त्याच्याकडे म्हणून सगळे टाकीसाहेब म्हणायचे. बूट पांढरे, बोलणं हळू. हळू बोलणारा माणूस ओरडणाऱ्यापेक्षा वाईट.

"बादलीत काय आहे?"

"घाण, साहेब."

"घाण मागच्या महिन्यात होती. आता हा माल आहे. न विचारता माल उचलला तर त्याला काय म्हणतात?"

 आजूबाजूला कामगार थांबले होते. धाकटा फाटकाची कडी पुसत होता, जणू जन्मात कडी बघितली नव्हती.

"ओता ते."

ती पाइपाजवळच्या हौदाकडे वळली, तर साहेबाने हात आडवा केला. "तिथे नको. गोठ्यातली बादली आहे. गटारात ओता."

"साहेब, माल आहे ना? मग गटारात कसा?"

"तुमचा हात लागला. आता तो माल नाही राहिला."

तिने ओतलं. गरम आंबोण गटारातून वाफाळत गेलं. भिंतीपलीकडे वास पोचला असावा, कारण तांबडी हंबरली. रिकामी बादली घेऊन थोरली घरी आली, बादली अंगणात अशी आपटली की कडी तुटली. म्हातारी म्हणाली, "बादलीने काय केलं गं तुझं?" थोरली म्हणाली, "हिला माझा हात लागलाय. आता ही बादली नाही राहिली."

थोरलीचा नवरा मुळातच कमी बोलणारा. ते सगळं ऐकून तो दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेला आणि काम मागून आला. टाकी आतून घासायला त्यांना बारीक अंगाचा माणूस हवा होता. वरच्या भोकातून आत उतरायचं, भिंतींवरची शेवाळासारखी बुळबुळीत साय खरवडायची, मग वर यायचं. टाकीसाहेब म्हणाला होता, "नीट काम केलंस तर जंतूंनी खाऊन उरलेला चोथा तुझ्या गाईंना देऊ."

"शब्द दिला?" थोरलीने विचारलं.

"दिला."

"त्यांचे शब्द नळासारखे असतात. आतून चालू, आतून बंद."

तरी तो गेला. चारजणी दावणीला ओरडत असल्या की माणूस शब्दावरही विश्वास ठेवतो.

आत उतरायच्या आधी अंघोळ. घरची नव्हे, कारखान्याची. फरशी लावलेली खोली, दार उघडं, औषधाच्या वासाचा साबण, आणि नखं घासायला तारेचा ब्रश. टाकीत गोठ्यातला एक कण गेला तर सगळा माल नासेल, जंतूंत भलते जंतू शिरतील, असं टाकीसाहेबाचं म्हणणं. "तुम्हा लोकांच्या अंगात गोठा मुरलेला असतो. घास." आणि नीट घासतो की नाही बघायला दारात उभं केलं कुणाला? धाकट्याला. ज्याला पोरगा असताना या थोरल्या भावाने ओढ्यावर धरून अंघोळ घातली होती, त्या धाकट्याने आता थोरल्याला उघडा बघायचं आणि सांगायचं, "दादा, काखेत राहिलं. दादा, परत एकदा." पहिल्या दिवशी धाकटा हे बोलताना छताकडे बघत होता. नंतर नंतर जमिनीकडे बघायला लागला. दादा घासत राहिला. नखांच्या कडांतून रक्त आलं की म्हणायचा, "आता झालं का रे?"

संध्याकाळी तो घरी यायचा तो दवाखान्यासारखा वास घेऊन. पहिल्याच दिवशी तांबडीखाली बसला, तर तिने लाथ मारली. बारा वर्षं ज्या हाताला दूध दिलं, तो हात तिने हुंगला आणि पाय उचलला. तो शेणात बसला, उठला नाही.

म्हातारी उंबऱ्यातून हसली. "बायको नाकारत नाही तोवर घाबरू नकोस."

"आई, गप बस."

"अरे, शेण फास जरा हाताला. ओळखेल."

त्याने खरंच मूठभर शेण घेतलं आणि कोपरापर्यंत चोळलं. तेव्हा तांबडी उभी राहिली. सकाळी ते शेण काढायला त्याला पुन्हा तारेचा ब्रश. असं रोज. हातांची सालटी निघाली. थोरली रात्री तेल लावायची आणि टाकीला शिव्या द्यायची. शिव्या देताना तिचा अंगठा जोरात दाबला जायचा, तरी तो हात काढून घ्यायचा नाही.

चोथा काही आला नाही. "पुढच्या खेपेला," टाकीसाहेब म्हणायचा.

मग एकदा बाहेरून बडे पाहुणे टाकी बघायला येणार होते. माल भरायच्या आधी रिकामी टाकी वाफेने उकळायची असते, म्हणजे आतलं सगळं जिवंत मरतं आणि मग आपले जंतू सोडायचे. वाफेचा व्हॉल्व्ह नवऱ्याच्या हातात होता. टाकीसाहेब घड्याळ बघत आला आणि म्हणाला, "बस झालं. बंद कर."

प्रयोगशाळेतली चष्मेवाली पोरगी शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "सर, अजून अर्धीसुद्धा वाफ झाली नाही."

"पाहुण्यांना वाफेत उभं करू का? बंद कर म्हटलं ना."

नवऱ्याने व्हॉल्व्ह बंद केला. सांगितलं ते केलं.

पाहुणे आले, हसले, गेले. माल मात्र फिरला. चष्मेवालीने नमुना काढला, हुंगला आणि एकच शब्द बोलली, "गेलं." आख्खी टाकी नासली होती. आम्लाच्या जागी कुजका, उग्र वास. टाकीसाहेबाने सगळ्यांना अंगणात गोळा केलं आणि नवऱ्याला मध्ये उभं केलं.

"हात दाखव. उलटे कर. हे काय आहे नखात?"

नखात शेण होतं. कितीही घासलं तरी एक रेघ राहिली होती.

"बघितलंत सगळ्यांनी? लाखमोलाचा माल, आणि हे त्याचं कारण. गोठा." मग हळू आवाजात, "कपडे काढून ठेव. कारखान्याचे आहेत."

तो आतल्या चड्डीवर घरी आला. फाटक धाकट्यानेच उघडलं.

थोरलीने अंगावर चादर टाकली. "तुम्ही बोललात का नाही? वाफ कुणी बंद करायला लावली ते?"

"कुणाला सांगू?"

"ती चष्मेवाली होती ना शेजारी?"

"ती स्वतःच्या बुटांकडे बघत होती."

"आणि भावजी?"

"तो सगळीकडे बघतो. माझ्याकडे सोडून."

म्हातारी त्या दिवशी हसलीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाई नुकत्याच पाण्यावर सोडल्या होत्या. दाव्याला कुणीच नव्हतं. आणि भोंगा झाला.

पाठोपाठ नळ खळखळला. किती दिवसांनी! चारी गाई शेपट्या उचलून धावल्या. थोरलीला क्षणभर बरंच वाटलं, खोटं कशाला बोला. तिला वाटलं, आली असेल अक्कल. मग वास आला. आंबोणाचा होता, पण त्याच्या खाली आणखी काहीतरी होतं, कपड्यांचा सोडा असतो तसं, नाकात चावणारं. ती ओरडत धावली. नवरा दुसऱ्या बाजूने धावला. पण तांबडीचा मान पहिला. तिने नेहमीसारखं डोळे मिटून डोणीत तोंड खुपसलं होतं आणि मोठमोठे घोट घेतले होते. मग एकदम मान वर झटकली. दोघांनी मिळून बाकीच्या तिघींना काठीने, दगडाने, लाथेने मागे हटवलं. ज्यांना कधी चापट मारली नव्हती, त्यांना दगड.

तांबडीच्या तोंडातून फेस यायला लागला. थोरलीने जबडा उघडला, तर जीभ उकडल्यासारखी पांढरी. तिने पाणी ओतलं, म्हातारीने दूध ओतलं, तिचंच दूध तिलाच. गुरांचा डॉक्टर आला, हात धुतले आणि गेला. दुपार उतरेपर्यंत तांबडी पाय झाडत होती. मग थांबली.

सकाळी डोण भरून वाहायला लागली तेव्हा आत कुणीतरी नळ बंद केला होता. चष्मेवाली आता कुठे धावत भिंतीला वळसा घालून आली. चष्म्यामागे डोळे लाल. "मी सांगितलं होतं त्यांना," ती म्हणाली. "नासलेले जंतू मारायला त्यात कॉस्टिक सोडा टाकलाय. आधी तुम्हाला कळवा म्हणून सांगितलं होतं."

"कुणाला सांगितलंस?"

"सरांना."

"आम्हाला का नाही? आमचं घर भिंतीला लागून आहे, बाई. हाक मारली असतीस तरी ऐकू आलं असतं."

 पोरीच्या मागून टाकीसाहेब आला, पांढरे बूट जपत, चिखल टाळत. मेलेल्या गाईकडे बघितलं.

"हे पाजायला कुणी सांगितलं होतं? ही घाण आहे. घाण कुणी गाईला पाजतं?"

थोरली उठली. हातात काही नव्हतं, म्हणून बरं. "साहेब, बादलीत घेतली तेव्हा माल होता. मी चोर होते. आज माझ्या डोणीत सोडली तर घाण झाली. मी मूर्ख झाले. तुमचं तोंड आहे की नळ?"

"उद्या सकाळी उरलेली अर्धी टाकी रिकामी करायची आहे," तो धाकट्याकडे वळून म्हणाला, जणू तिथे बाई नव्हतीच. "यांना सांग, गुरं लांब बांधा. आणि डोण उपसून ठेवा, म्हणजे बाहेर सांडणार नाही."

डोण उपसून ठेवा! तांबडी अजून गरम होती.

सकाळी धाकटा आला तेव्हा तिघी गाई गोठ्यात दुहेरी दाव्यांनी बांधल्या होत्या. डोण उपसली नव्हती. थोरली नळापाशी उकिडवी बसली होती आणि तांबडीचा खुंटा गोणपाटात गुंडाळत होती. जाडजूड बाभळीचा खुंटा, बारा वर्षं दावं घासून मध्ये बारीक झालेला, खाली टोकदार. तो पहाटे नवऱ्यानेच उपटून दिला होता.

"वहिनी, काय चाललंय?"

"दिसत नाही? तुमच्या जंतूंसारखी मी पण दिसत नाही का आता?"

तिने खुंटा नळाच्या तोंडात घातला. नवऱ्याने सोललेल्या हातांनी लाकडी हातोडा उचलला आणि ठोकला. गोणपाट चुरमडत आत गेलं. कडेने ओली माती आणि शेण ठासलं. मग एक ओंडका आणून एक टोक खुंट्याला लावलं, दुसरं डोणीच्या दगडी कडेला अडसरासारखं अडकवलं.

धाकटा बघत उभा राहिला. "दादा, माझी नोकरी जाईल."

नवऱ्याने हातोडा खाली ठेवला. "काखेत राहिलं का रे काही?" तो म्हणाला. "नीट बघ. तुला बघायचं काम दिलंय."

धाकट्याचा चेहरा असा झाला की थोरलीने मान वळवली. तो निघून गेला. गणवेश मागून पोत्यासारखा हलत होता.

"झालं," नवरा म्हणाला. "सांगेल आता."

भिंतीपलीकडून टाकीसाहेबाचा आवाज आला, "बाहेर बघून आलास? नळ मोकळा आहे ना?"

 म्हातारी गोठ्याच्या दारात चरवी धरून उभी होती, तिने भिंतीकडे कान दिला.

"मोकळा आहे, साहेब!" धाकटा ओरडला. एवढ्या मोठ्याने तो जन्मात बोलला नव्हता. "एकदम मोकळा! सोडा!"

भोंगा झाला. गोठ्यात तिघी हंबरल्या, दावी ताणली, आणि कासेतून थेंब गळायला लागले. म्हातारी चरवी घेऊन खाली बसली. "या, बायांनो," ती म्हणाली, "रडव्यांनो, द्या."

नळात खळखळ आली आणि खुंट्यापाशी अडली. आधी शांत. मग भिंतीच्या आतून, खालून कुठून तरी, पोट फुगल्यासारखा आवाज. मग कुणीतरी किंचाळलं. धावपळ. "बंद करा! अरे, वर येतंय! गटारातून वर येतंय!" "कोण आहे तिकडे? माझे बूट! नळ कुणी बंद केला?"

थोरलीने भिंतीला तोंड लावलं. "साहेब! तुमचा माल आहे! घरात ठेवा! आम्ही चोर आहोत, आमच्याकडे नका पाठवू!"

"बाई, उघडा ते! उपकार होतील!"

तो शब्द ऐकून म्हातारी गोठ्यातून हसली. मोठ्याने नाही. चरवीत दुधाच्या धारांचा आवाज होता, त्यात तिचं हसणं मिसळलं.

कारखान्याच्या फाटकाखालून तपकिरी पाणी बाहेर आलं आणि साहेबांच्या गाड्या उभ्या होत्या तिकडे पसरत गेलं. भिंतीच्या या बाजूला डोण कोरडी राहिली. नवरा ओंडक्यावर पाठ टेकून बसला. थोरली त्याच्या शेजारी बसली आणि खुंट्यावर तळहात ठेवला. खुंटा आतल्या जोराने थरथरत होता, भोंगा ऐकून तांबडीने दावं ताणलं की थरथरायचा, अगदी तसाच. थोरलीने हात काढला नाही.

"थांब गं," ती खुंट्याला म्हणाली. "थांब. आज नाही सोडायचं."